तीन चाकांची 'बादल'

आमच्या लहानपणी मिरजेत ज्यांच्या दारात मोटार असे, त्यांना लोक 'गाडीवाले' म्हणत. १९८३ साली अब्बांनी जुनी 'बादल' घेतली आणि आम्हीही गाडीवाले झालो. मात्र लोक ते नाव घेताना हसत. कारण आमच्या गाडीला चाके तीनच होती, पुढे एक आणि मागे दोन.

बंगळूरला तयार होणारी ही गाडी आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. अंग फायबरचे, इंजिन मागच्या बाजूला, तेही १९८ सीसीचे, म्हणजे स्कूटरपेक्षा थोडेच मोठे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. त्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आमची ऐट तिथेच संपली. पण दादींना स्कूटरवर बसवत नव्हते, आणि शिक्षकाच्या पगारात एवढेच बसत होते.

अब्बांनी आम्हा दोघा भावांना मैदानावर गाडी शिकवली. मोठा सोळाचा, धाकटा चौदाचा. लायसन नाही, त्यामुळे रस्त्यावर न्यायची नाही, ही सक्त ताकीद. दुसरी ताकीद वाळूच्या पोत्याची. मागच्या सीटवर कोणी नसेल तर तिथे पोते असलेच पाहिजे. अब्बांनी जमिनीवर काडीने त्रिकोण काढून दाखवला होता. वळणावर ब्रेक दाबला की सगळा भार पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे येतो. तिथे आधाराला एकच चाक, मग गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. मागे वजन असले की ती जमीन धरून राहते. आम्ही मान डोलावली. कळले काहीच नव्हते.

चांदरातीला अब्बा बाजारात गेले होते. अम्मीने गव्हाचा डबा गिरणीत पोचवायला सांगितले. सायकलवर, अर्थात. आम्ही किल्ली उचलली, डब्याला जागा हवी म्हणून पोते काढून ओसरीवर टाकले. गिरणीत गर्दी होती, डबा रांगेत ठेवून रिकाम्या गाडीने निघालो. चाँद दिसल्याचा गलका झाला आणि आम्हाला घरी पोचायची घाई झाली. डाव्या वळणावर अचानक शेळी आडवी आली. ब्रेक दाबला. मागचे डावे चाक उचलले गेले आणि गाडी सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी, उजव्या कुशीवर आडवी झाली.

आम्हाला खरचटलेसुद्धा नाही. चार जणांनी गाडी उचलून उभी केली, इतकी ती हलकी. पण उठून पाहिले तर हातभर अंतरावर शेवयांचा पुडा छातीशी धरून एक सहा-सात वर्षांची मुलगी उभी होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. गाडीचा दोष नव्हता, अब्बांनी सगळे सांगून ठेवले होते.

घरी अब्बा ओरडले नाहीत. ते आम्हाला घेऊन चालत त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या वडिलांसमोर आम्ही खाली मान घालून माफी मागितली. ते फक्त म्हणाले, "बच्ची आहे तोवर ठीक आहे."

फायबरला लांब तडा गेला होता. सतारमेकर गल्लीत न्या, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा सांधून देतील, अशी थट्टा महिनाभर चालली. किल्ली अब्बांच्या कपाटात गेली ती मोठ्याला लायसन मिळाल्यावरच बाहेर आली. पहिल्या फेरीला दादी मागे बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला रे, पोतं बसलं."