धूर कुणाच्या लेकरांनी गिळायचा?

शाळेची गाडी डिझेलवर चालावी की गॅसवर, हा प्रश्न आजवर गाडीमालकाच्या हिशेबाच्या वहीतला मानला गेला. लिटरचा भाव काय आणि ॲव्हरेज किती पडते, एवढेच त्यात पाहिले जाते. गाडीत बसणाऱ्या लेकरांच्या छातीत काय जाते, याचा रकाना त्या वहीत नाही. तो रकाना आता आम्हालाच आखावा लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, त्याचे फुप्फुस अजून वाढत असते. शाळेसमोर इंजिन चालू ठेवून गाड्या उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या पोराचे नाक सायलेन्सरच्या नळीपासून फार लांब नसते.

अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख पिवळ्या शाळाबस धावतात. त्यांपैकी वीस हजारांहून अधिक आता प्रोपेन गॅसवर चालतात. जुन्या डिझेल बस काढून स्वच्छ बस घेण्यासाठी तिथल्या केंद्र सरकारने २०२१ च्या कायद्यान्वये पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलर ठेवले. त्यातला मोठा वाटा विजेवरच्या बसचा आहे, पण प्रोपेनलाही पैसा मिळाला. प्रोपेन ही काही परकी वस्तू नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचेच मिश्रण असते.

मग अमरावती-अकोल्याच्या शाळाबस उद्यापासून गॅसवर का नेऊ नयेत? याचे उत्तर भावनेने नव्हे, यंत्र समजून घेऊन द्यावे लागेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. गॅसला ठिणगी लागते. म्हणून जुन्या बसला टाकी जोडली आणि काम झाले, असे होत नाही. इंजिन मुळातून बदलावे लागते, बहुधा नवी गाडीच घ्यावी लागते. एक लिटर डिझेलचे काम करायला जवळपास दीड लिटर एलपीजी लागतो, आणि देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. दुसरीकडे १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा असते. त्यांची काजळी जुन्या गाड्यांच्या मानाने फार कमी आहे.

याचा अर्थ उघड आहे. लेकरांचा खरा वैरी जुनी गाडी आहे. आणि जुनी गाडी कुणाच्या वाट्याला येते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

आमच्याकडे शाळेत जाण्याच्या तीन तऱ्हा आहेत. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येते. वस्तीतली लेकरे ऑटोत किंवा जुन्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसतात. दर्यापूर, तेल्हारा, बार्शीटाकळी, धारणीकडच्या खेड्यातल्या पोरापोरींची शाळाबस म्हणजे एसटी. मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत, ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत प्रवास आणि मानव विकासच्या निळ्या बस, या आधारावर हजारो मुली बारावीपर्यंत पोहोचल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा हा आधार किती मोठा होता ते कळले. पिवळ्या बसवाल्यांना त्या संपाची झळ लागली नाही.

गॅसवरची शाळेची गाडी वऱ्हाडात नवी नाही, हेही सांगून टाकू. वस्तीतल्या कित्येक व्हॅन गॅसवरच धावत आल्या आहेत, पण तो गॅस घरगुती सिलिंडरचा. मोटार वाहन कायद्यातील २००० सालची दुरुस्ती आणि २००१ सालचा आदेश यांनी वाहनात एलपीजी वापरायला परवानगी दिली ती मान्यताप्राप्त किट आणि गाडीला पक्की बसवलेली टाकी असेल तरच. त्या टाकीत ८० टक्क्यांपर्यंतच गॅस भरतात, कारण उष्णतेने द्रव फुगतो. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो. विदर्भातल्या शाळा इतरांपेक्षा उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे. अशा उन्हात सीटखाली ठेवलेला घरगुती सिलिंडर काय करू शकतो, याचा विचार करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी, पोरांच्या दप्तरांजवळ साचतो.

यात सगळा दोष व्हॅनवाल्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. तो बहुतेक वेळा आमच्याच वस्तीतला, कर्जावर गाडी घेतलेला बेरोजगार पोरगा असतो. पालकाला महिन्याचे भाडे परवडत नाही, त्याला पेट्रोल परवडत नाही, अधिकृत गॅसपंप जवळ नाही. अधूनमधून कारवाई होते, दंड बसतो, आणि दंडाची भरपाई पुन्हा सिलिंडरमधूनच होते. पर्याय उभा न करता काढलेला आदेश गरिबालाच चिरडतो. दिल्लीचा अनुभव पाहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये तिथल्या सर्व सिटी बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर नेण्यास सांगितले. सरकारने वेळेत ना बस आणल्या, ना पुरेसे पंप उभारले. एप्रिल २००१ मध्ये हाल झाले ते बसने जाणाऱ्यांचे, मोटारीवाल्यांचे नव्हे. अखेर २००२ संपता संपता बदल पूर्ण झाला आणि त्याचा फायदा साऱ्या शहराला झाला. बदल योग्यच होता, पण उशिराची किंमत गरिबाने मोजली.

शाळेची बस आणि तिचे इंधन हा हक्काचा प्रश्न कसा होतो, हे अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी दाखवले आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन परगण्यात १९४७ साली गोऱ्या मुलांसाठी सुमारे तीस शाळाबस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी वर्गणी काढून जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडे. निदान तेलाचा खर्च तरी द्या, असे त्यांनी शाळा मंडळाला विनवले. मंडळाने नकार दिला. रेव्हरंड डीलेन यांच्या पुढाकाराने लिव्हाय पिअर्सन हा शेतकरी कोर्टात गेला. तो दावा तांत्रिक कारणाने फेटाळला गेला, पण त्याच लढ्यातून ब्रिग्ज विरुद्ध इलियट हा खटला उभा राहिला. पुढे तो ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. सुरुवात झाली होती एका बसच्या आणि तिच्या तेलाच्या मागणीपासून. मसूर स्टेशनाबाहेर दुप्पट भाडे घेऊनही बैलगाडीवाल्याने बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना गाडी स्वतः हाकायला लावली, तो १९०१ चा प्रसंग आमच्या वाचकाला वेगळा सांगायला नको. लेकराला गाडीत कशी जागा मिळते, यावरून समाजातली त्याची जागा कळते.

इंधन बदलाचा एक अनुभव वऱ्हाडानेही घेतला आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतलेला मँचेस्टरचे वाफेचे इंजिन ओढत असे. १५ एप्रिल १९९४ रोजी ते गेले आणि डिझेल इंजिन आले. गाडी आधुनिक झाली म्हणून लोकांना आनंद झाला. रूळ, पूल यांच्याकडे मात्र कुणी पाहिले नाही, आणि पुढे ती गाडीच बंद पडली. स्वल्प तिकिटात जाणाऱ्या गोरगरिबांचा रस्ता गेला. एसटीचे तसे होऊ नये, ही आमची चिंता आहे. २०२३ मध्ये ५,१५० विजेवरच्या बसचा करार झाला. बस ठरल्या वेळेत आल्या नाहीत. त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे धोरण पुढे आले. शाळा लांब न्यायची आणि बस कागदावर ठेवायची, हे बहुजनांच्या लेकरांना शाळेबाहेर काढणेच आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मानव विकासची बस रोज ठरलेल्या गावांत जाते आणि रात्री त्याच आगारात परतते. गॅस असो की वीज, इंधन बदलायला याहून सोपी गाडी नाही. तेव्हा नव्या गाड्या आधी धारणी, चिखलदरा, तेल्हारा, अकोटकडे द्या. जिथे गॅस पोहोचत नाही तिथे बीएस-६ डिझेल चालेल, पण भंगाराला आलेली बस नको. व्हॅनवाल्या तरुणांना मान्यताप्राप्त किटसाठी किंवा नव्या गाडीसाठी अनुदान आणि कमी व्याजाचे कर्ज द्या, आणि त्यानंतर घरगुती सिलिंडरवर कठोर बंदी अमलात आणा. बदलाचा खर्च लेकरांच्या भाड्यात घालू नका.

हे आपोआप होणार नाही. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तीत पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या लेकराच्या शाळेत ही समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, गाडी किती जुनी आहे, तिच्यात कोणते इंधन आहे, हे येत्या पालकसभेत उभे राहून विचारा. उत्तर लेखी मागा. मिळाले नाही तर चौघे मिळून आरटीओत जा.