पोटातील जंत आणि चिनी वैद्यक

मुलाच्या पोटात जंत झाले की आपल्या घरात वावडिंग नाहीतर ओवा निघतो. चीनमध्ये अशा वेळी काय देत आले, हे सभासदांस व विद्यार्थ्यांस कळावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

चिनी वैद्यकाच्या मते जंत अस्वच्छ, कच्च्या अन्नातून पोटात जातात. परंतु ज्याचे पचन मंदावले आहे आणि आतड्यांत ओल व उष्णता साठली आहे, त्याच्याकडे ते ठाण मांडतात. म्हणून आधी जंत पाडायचे, मग पचन सुधारायचे. जंत आंबटाने शांत होतो, तिखटाने दबतो, कडूने खाली उतरतो, अशी त्यांची उपपत्ती. औषधे मात्र आपल्या ओळखीची आहेत. गोल जंतांवर मधुमालतीचे बी. आपण हा वेल शोभेसाठी लावतो. पट्टकृमीवर लाल भोपळ्याच्या बिया व सुपारीचा काढा. मार्केट यार्डात भोपळ्यांचे ढीग रोज दिसतात, पण म्हणून कोणी घरी प्रयोग करू नये. मधुमालतीचे बी जास्त झाल्यास उचक्या, उलट्या होतात आणि सुपारी कर्करोगकारक ठरली आहे.

या परंपरेतून जगाला मिळालेले मोठे औषध हिवतापावरचे. चौथ्या शतकातील को हुंग यांनी चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्यास सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नाही, हे तू यूयू यांच्या ध्यानात आले. त्यांनी 1971 मध्ये कमी उष्णतेवर अर्क काढला आणि तो गुणकारी ठरला. 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुना ग्रंथ मानला, पण प्रयोगाने पारखूनच, ही रीत आम्हाला मोलाची वाटते.

जुन्या चिनी ग्रंथांत किड्यांच्या विषाने करणी होते अशीही समजूत आढळते. आपल्याकडेही फिट आली की बाहेरची बाधा म्हणणारे आहेतच. डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडी दूषित पाणी वा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली, तर अळ्या मेंदूत शिरून फिट येऊ शकतात. शाकाहारी माणूसही यातून सुटत नाही. अशा रुग्णास अंगाऱ्याकडे नव्हे, रुग्णालयात न्यावे.

भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. ते पाण्यातील जीव वाचावेत म्हणून. आपण मात्र पाणी उकळूनही घ्यावे.

2015 पासून शाळा व अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. दोन वर्षांपुढे पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. गोळी चावून खायची असते. लहानग्यांना चुरा करून पाण्यातून द्यावी. त्या दिवशी मूल आजारी असेल, तर बरे झाल्यावर द्यावी.