बंगळुरू परिसरातील गिरिदुर्ग आणि मराठी इतिहासाचा दाक्षिणात्य अध्याय

महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात ‘दुर्ग’ हा शब्द उच्चारताच सह्याद्रीची रांग उभी राहते. शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड ही नावे त्याला पाठ असतात. दक्षिणेकडे दृष्टी वळली तर ती एकदम जिंजी आणि तंजावर येथे जाऊन स्थिरावते. या दोन टोकांच्या मध्ये जो विस्तीर्ण पठारी व डोंगराळ प्रदेश आहे, तो मात्र मराठीतील इतिहासलेखनात बहुधा ‘मार्गावरील मुलूख’ म्हणूनच येतो. बंगळुरूच्या सभोवार पसरलेले गिरिदुर्ग हा त्या मुलुखाचा कणा होय. या दुर्गांचे स्वरूप, त्यांच्याशी निगडित असलेला मराठी इतिहास आणि त्या इतिहासाची साधने यांचा थोडक्यात परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूरचना आणि दुर्गरचना

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी वसाहतीतून कनकपुऱ्याकडे जाणारा रस्ता धरला, की तुरहळ्ळीच्या राखीव वनातील खडकाळ टेकडी दिसू लागते. उंचीने ती सामान्यच आहे. परंतु या प्रदेशातील दुर्गांचे मर्म समजावून घेण्यास ती पुरेशी आहे. जमिनीतून वर आलेला एकसंध, गोलसर, उघडाबोडका कातळ हे येथील डोंगराचे मूळ रूप. मागडीजवळचा सावनदुर्ग सुमारे १२२६ मीटर उंच आहे, तर चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील नंदीदुर्ग सुमारे १४७८ मीटर. शिवगंगे, देवरायनदुर्ग, माकळीदुर्ग, हुत्रीदुर्ग, हुलियूरदुर्ग, भैरवदुर्ग, कब्बाळदुर्ग अशी आणखीही नावे सांगता येतात. लोकपरंपरेत त्यांचा ‘नवदुर्ग’ असा उल्लेख होतो. मात्र ती नऊ नावे सर्वत्र सारखी नसतात.

सह्याद्रीतील किल्ला आणि येथील गिरिदुर्ग यांतील भेद केवळ उंचीचा नाही. तो दगडाचा आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांनी बनलेला आहे. त्यामुळे तेथे सपाट माथा, त्याखाली तुटलेला कडा आणि कड्याखाली माची अशी पायऱ्यांसारखी रचना निसर्गतःच मिळते. कड्याला तासून तो अधिक दुर्गम करता येतो आणि माथ्यावर पाण्याची टाकी खोदता येतात. येथील ग्रॅनाइट व नाइस हे खडक घुमटाच्या आकाराने झिजतात. अशा घुमटावर माची नसते. तटबंदी खडकाच्या भेगांचा व उताराचा अदमास घेत वर चढते आणि एकामागे एक अशा तटांच्या फेऱ्या उभ्या राहतात. पाण्यासाठी कातळातील नैसर्गिक खोलगट डोण्यांना बांध घालून साठे केले जातात. थेट कडा चढणे जवळजवळ अशक्य; परंतु जेथे उतार सौम्य आहे ती एकच बाजू शत्रूला मिळाली, की किल्ल्याचे भवितव्य त्या बाजूच्या तटांवर अवलंबून राहते. पुढे ज्या वेढ्यांचा उल्लेख येईल, त्यांचे स्वरूप या भूरचनेवरून उलगडते.

शहाजीराजांची जहागीर

इ. स. १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने बंगळूर घेतले. या मोहिमेत शहाजीराजे त्याच्यासमवेत होते व पुढे हा मुलूख त्यांच्याकडे जहागीर म्हणून आला. बंगळूर, होसकोटे, कोलार, थोरले बाळापूर म्हणजे आजचे दोड्डबळ्ळापूर, आणि शिरे हा त्या जहागिरीचा विस्तार. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पराभूत केंपेगौडा घराण्याचा पूर्ण उच्छेद झाला नाही. ते मागडीस गेले आणि सावनदुर्ग त्यांच्याकडे राहिला. मैदानातील पेठ जहागीरदाराकडे व डोंगर स्थानिक नायकाकडे, अशी ही विभागणी होती. दुर्गांच्या या मुलुखात स्थानिक पाळेगारांशी जुळवून घेतल्याशिवाय कोणासही राज्य करता येत नव्हते, हेच तीतून सूचित होते.

बंगळूरच्या दरबाराचे वाङ्मयीन स्मारक म्हणजे जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये प्रकाशित केले. संस्कृत चंपूच्या जोडीला त्यात अनेक देशभाषांतील रचना आहेत. त्यावरून या दरबाराच्या बहुभाषिकत्वाची कल्पना येते. शिलालेखांतूनही तोच प्रत्यय येतो. मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वर मंदिराशी संबंधित १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांच्या दानाची नोंद आहे; त्याची भाषा मात्र कन्नड आहे. मराठी राजा, शैव देवस्थान आणि कन्नड लेख हा संयोग त्या काळी स्वाभाविकच होता. तो चमत्कारिक वाटतो तो आजच्या भाषिक सीमांच्या चष्म्यातून पाहिल्यामुळे.

शहाजीराजांचा मृत्यू १६६४ मध्ये होदिगेरे येथे झाला. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयानंतर शिवाजीमहाराजांनी व्यंकोजीराजांशी जो तह केला, त्यात बंगळूरकडील मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान याने बंगळूर घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले; तीन लक्ष रुपयांना हा व्यवहार झाल्याचे सांगितले जाते. मराठी सत्तेचा पहिला कालखंड येथे संपला.

अठराव्या शतकातील मोहिमा

दुसरा कालखंड पेशव्यांच्या स्वाऱ्यांचा. त्याचे स्वरूप पहिल्याहून सर्वस्वी भिन्न आहे. शहाजीराजे येथे राहिले. पेशव्यांच्या फौजा येथे आल्या आणि गेल्या. माधवराव पेशव्यांनी १७६७ मध्ये शिरे व त्यानंतर मधुगिरी घेतली. हैदरअलीने १७६३ मध्ये बिदनूर जिंकल्यानंतर तेथील राणी वीरम्माजी व तिचा दत्तक पुत्र यांना मधुगिरीच्या प्रचंड एकशिला दुर्गावर बंदिवासात ठेवले होते. पेशव्यांनी त्यांची मुक्तता केली. पुण्याकडे जात असता वाटेतच राणीचे निधन झाले.

याच पेशव्यांच्या १७७० च्या मोहिमेतील निजगलचा वेढा हा या इतिहासातील अवघड प्रसंग आहे. बंगळुरूहून तुमकुराकडे जाताना उजाड टेकडीवर या किल्ल्याचे अवशेष आढळतात. वेढा अनपेक्षितपणे लांबला, नारायणराव जखमी झाले आणि अखेर चित्रदुर्गच्या पाळेगाराच्या बेडर शिपायांनी किल्ल्यावर चढाई करून तो घेतला. पकडलेल्या शिबंदीचे नाक-कान कापण्याची आज्ञा झाली, आणि किल्लेदाराच्या बाणेदार उत्तरामुळे त्याला तेवढे सोडून देण्यात आले, असे मार्क विल्क्स याने म्हैसूरच्या इतिहासात नोंदविले आहे. विल्क्स हा इंग्रजी सत्तेचा अधिकारी होता. त्याच्या वृत्तांताची चिकित्सा अवश्य करावी. परंतु आपल्याला गैरसोयीचा म्हणून तो वगळणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. माधवरावांची न्यायबुद्धी आपण ज्या आदराने सांगतो, त्याच आदराने निजगलही वाचले पाहिजे. मधुगिरीचा मुक्तिदाता आणि निजगलचा विजेता हे एकच आहेत.

मुरारराव घोरपडे गुत्तीकर यांची कथा याहून निराळी. पेशवे, निजाम, फ्रेंच, इंग्रज या सर्वांशी कधी मैत्री तर कधी वैर करीत हा सरदार कर्नाटकात आपले स्थान टिकवून राहिला. १७६०-६५ च्या सुमारास हैदरने चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारावर चाल केली, तेव्हा त्याच्या साहाय्यास मुरारराव धावला होता. पाळेगाराचा अखेरचा आसरा नंदीदुर्ग हाच होता. पुढे १७७६ मध्ये हैदरने गुत्ती घेतली, मुररराव कैद झाला आणि त्याची रवानगी कब्बाळदुर्गावर झाली. तेथेच त्याचा अंत झाला. कनकपूर तालुक्यातील हा एकाकी सुळका राजकैद्यांचा तुरुंग म्हणून कुप्रसिद्ध होता. आज पायथ्याशी कब्बाळम्मा देवीच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. वर एका मराठी सरदाराचे प्राण गेले, याची वार्ता त्यांतील बहुतेकांना नाही. बंगळुरूतील मराठी भाषकांनाही ती क्वचितच असते.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. १९ ऑक्टोबर १७९१ रोजी इंग्रजांनी नंदीदुर्ग व त्याच वर्षी डिसेंबरात सावनदुर्ग घेतला. तोफांनी तट फोडून हे दुर्ग हस्तगत करता येतात, हे एकदा सिद्ध झाल्यावर गिरिदुर्गांचे युग मावळले. पुढे नंदीवर गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधी प्रकृतिस्वास्थ्यासाठी येथे येऊन राहिले.

साधने आणि त्यांचे भवितव्य

या इतिहासाची साधने तीन भाषांत विखुरलेली आहेत. मराठी कागदपत्रे मोहिमांविषयी बोलतात. इंग्रजी वृत्तांत वेढ्यांविषयी. आणि गावाविषयी, देवळाविषयी, तळ्याविषयी बोलतो तो कन्नड शिलालेख. बी. एल. राइस यांच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बंगळूर व कोलार जिल्ह्यांचे खंड १९०५ मध्ये निघाले, मराठी अभ्यासकाने ते मूळ कन्नडसह वाचल्याशिवाय हा अध्याय पूर्ण होणार नाही. नंदीच्या पायथ्याचे भोगनंदीश्वर मंदिर मराठ्यांच्या आगमनाआधी कित्येक शतके उभे होते, याचेही भान त्यामुळे राहील.

चौथे साधन म्हणजे स्वतः डोंगर. कागद नष्ट झाला तरी त्याची नक्कल कोठेतरी सापडू शकते. डोंगराची नक्कल नसते. या प्रदेशातील टेकड्या दगडखाणींसाठी फोडल्या जात आहेत. चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये खाणीतील स्फोटकांनी सहा जणांचे बळी घेतले. मनुष्यहानीपुढे तटबंदीचे दुःख सांगणे अनुचित वाटेल. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे. डोंगर म्हणजे निव्वळ दगड, ही दृष्टी. ज्या कातळावर केंपेगौडा, शहाजी, हैदर आणि मुररराव यांचे भवितव्य ठरले, तो कातळ वाचता येणारा एक लेखच आहे. तो पुसला जाण्यापूर्वी मराठी व कन्नड अभ्यासकांनी एकत्र बसून वाचावयास हवा, इतकेच या परिचयाच्या निमित्ताने सुचवावयाचे आहे.