अर्बुदोच्छेदनानंतरची कृत्रिम श्रोणी : भारवहनाचा विचार

नागपूरनजीकच्या मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाली. अशा संस्थांपुढे येणाऱ्या बिकट प्रश्नांत श्रोणीच्या अस्थिकर्काची गणना करावी लागेल. पूर्वी अशा रुग्णाचा पाय अर्ध्या श्रोणीसह कापून टाकीत; आता पाय राखून रोगट अस्थी तेवढी काढणे पुष्कळदा शक्य होते. मात्र अस्थी गेल्यावर उरणारी पोकळी कशाने भरावी, हा प्रश्न जितका शल्यशास्त्राचा तितकाच यंत्रशास्त्राचा आहे.

धडाचा भार त्रिकास्थीवरून श्रोणिफलकात, तेथून खुब्याच्या वाटीत व पुढे मांडीच्या हाडात उतरतो. चालताना प्रत्येक पावली शरीर एका पायावर तोललेले असते. साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याचा टेकलेला पाय वगळता सुमारे ५० किलोग्रॅम भार खुब्याच्या एका बाजूस ओढतो. त्यास तोलणाऱ्या नितंबस्नायूंची तरफ त्याच्या सुमारे निम्मी असल्याने त्यांस १०० किलोग्रॅमची ओढ द्यावी लागते. अर्थात् सांध्यावर स्थूलमानाने १५० किलोग्रॅम, म्हणजे वजनाच्या अडीचपट, दाब पडतो. वर्षाकाठी असे आघात दहा लाखांच्या घरात जातात.

एनेकिंग व डनहॅम यांनी १९७८ मध्ये केलेल्या वर्गीकरणात वाटीभोवतालचा भाग हा दुसरा प्रकार होय, आणि पुनर्रचनेस सर्वांत अवघड तोच. प्रारंभी वापरलेला खोगिराच्या आकाराचा कृत्रिम सांधा उरलेल्या श्रोणिफलकाच्या कडेवर टेकत असे; ती कड झिजून सांधा वर सरके आणि पाय आखूड होई. नंतरच्या शंक्वाकृती रचनेत लांब दांडा श्रोणिफलकाच्या जाड भागात रोवतात. हल्ली रुग्णाच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून टिटॅनियमची हुबेहूब श्रोणी थर रचून घडविता येते. आकार जुळला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. टिटॅनियम हे दाट अस्थीच्या पाच-सहापट ताठर असते. तेच सारा भार उचलू लागले, तर लगतचे हाड भाराअभावी क्षीण होते आणि स्क्रू सैल पडतात. सच्छिद्र पृष्ठभागात अस्थी वाढू देणे हा त्यावरील एक उपाय. नितंबस्नायूच कापावे लागले, तर उत्तम कृत्रिम श्रोणीही लंगडणे टाळू शकत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मांडी घालून वा उकिडवे बसताना खुबा कमाल मर्यादेपर्यंत वाकतो व कृत्रिम गोळा वाटीतून निसटण्याचा धोका वाढतो. गोळा अधिक जखडावा, तर तोच ताण अस्थी व धातूच्या सांध्यावर येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास जमिनीवर बसणे सोडावे लागेल, हे स्पष्ट सांगणे इष्ट. शेतात राबणाऱ्यास हा त्याग लहान नाही.