'हात मोडला' एवढं पुरत नाही: दंडाच्या फ्रॅक्चरचं कोडिंग आणि कागदपत्रं

आजचा विषय दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, छोट्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बसून क्लेमचे फॉर्म भरणारे. दोन, मेडिकल कोडिंगचा कोर्स लावावा का, या विचारात असलेली आपल्या पुसेगाव-सेनगाव भागातली मुलं-मुली. व्हिडिओत कोड स्क्रीनवरून पटापट पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देतो.

आधी 'हात' म्हणजे काय ते ठरवा

आपल्याकडे खांद्यापासून बोटापर्यंत काहीही मोडलं तरी "हात मोडला" असंच म्हणतात. आयसीडी-१० म्हणजे आजारांच्या कोडची यादी. तिच्यात नुसता 'हात' चालत नाही. खांदा आणि दंड एस४२ मध्ये, कोपराखालचा भाग एस५२ मध्ये, मनगट आणि पंजा एस६२ मध्ये.

दंडात एकच हाड असतं, ह्युमरस. त्याचे तीन भाग धरतात:

- एस४२.२: वरचं टोक, खांद्याजवळ. वयस्कर माणसं पडली की बऱ्याचदा इथे मोडतं.
- एस४२.३: मधला दांडा, म्हणजे शाफ्ट.
- एस४२.४: खालचं टोक, कोपराच्या जरा वर. लहान मुलं हात टेकून पडली की इथलं फ्रॅक्चर जास्त दिसतं.

आता गंमत बघा. डॉक्टर घाईत हॅशची खूण काढून पुढे नुसतं 'ह्युमरस' लिहितात. भाग लिहिलेला नसेल तर नियमाने तो कोड एस४२.३ मध्ये, म्हणजे मधल्या दांड्यात जातो. मोडलंय खांद्याजवळ, एक्स-रेचा रिपोर्टही तेच सांगतोय, आणि फॉर्मवर मात्र दांडा. मग विमा कंपनीकडून क्वेरी येते आणि पेशंटचे नातेवाईक पैशाची वाट बघत बसतात.

कोडरचा पहिला नियम

डॉक्टरांनी जे लिहिलं नाही, ते कोडरने मनाने घालायचं नाही. एक्स-रेची फिल्म उजेडात धरून आपणच निदान ठरवायचं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं आणि त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं. दुकानात नुसतं 'पाईप' लिहून बिल होतं का? किती इंची, किती फूट, हे लागतंच. तसंच हे.

कागदावर या सहा गोष्टी हव्यातच

१. हाडाचा कुठला भाग: वरचा, मधला की खालचा.
२. उजवा की डावा.
३. बंद की उघडं. फ्रॅक्चरपर्यंत जखम गेली असेल तर उघडं. काहीच लिहिलं नसेल तर बंद धरतात.
४. कसं मोडलं: आडवं, तिरकं, पिळवटून की तुकडे होऊन. आणि हाड जागेवरून सरकलं का.
५. उपचाराचा टप्पा: उपचार चालू आहेत, हाड भरतंय, की जुळलंच नाही.
६. कशामुळे: रस्ता अपघात, झाडावरून पडणं, घरात घसरणं.

एक उदाहरण फोडून बघू

उजव्या दंडाचं हाड मधोमध आडवं मोडलं, सरकलं, पण बंद आहे आणि ऑपरेशन होतंय. अमेरिकन पद्धतीत कोड होतो एस४२.३२१ए. यात एस४२.३ म्हणजे दांडा, २ म्हणजे आडवं, १ म्हणजे सरकलेलं आणि उजवं, ए म्हणजे बंद फ्रॅक्चरचे उपचार चालू. डावा असता तर १ च्या जागी २. उजवाच पण न सरकलेला असता तर ४.

'ए'चा अर्थ पहिली भेट असा नाही. हिंगोलीत कच्चं प्लास्टर झालं आणि ऑपरेशन नांदेडला झालं, तरी ऑपरेशनलाही ए-च. नेहमीचे उपचार संपून फक्त हाड भरण्याची तपासणी सुरू झाली की डी.

इथे फसू नका

भारतातल्या हॉस्पिटलांत साधारणपणे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ यादी वापरतात. पुण्या-मुंबईत अमेरिकन कामं करणाऱ्या कंपन्या अमेरिकन यादी वापरतात. एस४२.३१ हा कोड मूळ यादीत 'दांड्याचं उघडं फ्रॅक्चर' आहे, तर अमेरिकन यादीत 'ग्रीनस्टिक', म्हणजे लहान मुलांचं अर्धवट मोडलेलं हाड. कोड दिसायला तोच, पण अर्थ पार वेगळा! कुठल्या यादीवर काम करताय हे आधी बघा.

दुसरं, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आजी नुसत्या घसरल्या आणि हाड मोडलं, निरोगी हाड तेवढ्याने मोडलं नसतं, तर अमेरिकन नियमाने एस४२ नाही, एम८० गटातला कोड लागतो.

तिसरं, दांडा मोडला की जवळून जाणाऱ्या रेडियल नसेला इजा होऊ शकते. मग पेशंटला मनगट वर उचलता येत नाही. तिचा कोड एस४४.२. ही तपासणी ऑपरेशनच्या आधीच कागदावर लिहिलेली असावी. नसली तर नस ऑपरेशनमध्येच गेली असा संशय येतो, आणि डॉक्टरांकडे दाखवायला कागद नसतो.

क्लेमच्या वेळी

विम्याच्या क्लेम फॉर्मचा भाग 'ब' हॉस्पिटल भरतं. त्यात आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. दुखापत कशामुळे झाली, एमएलसी झाली का, पोलिसांना कळवलं का, हेही विचारलेलं असतं. केस पेपरवर 'घरी पडले' आणि फॉर्मवर 'रस्ता अपघात' असं झालं की क्लेम अडकलाच. प्लेट किंवा रॉड घातला असेल तर त्याचं बिल आणि स्टिकर, तसंच ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे जपून ठेवा. नुसतं प्लास्टर करून त्याच दिवशी घरी सोडलं असेल, तर बऱ्याच पॉलिसीत २४ तास भरती असण्याची अट असते, ती आधी वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा पॅकेज कोड वेगळा असतो. निदान आणि पॅकेज एकमेकांशी जुळलं पाहिजे.

नातेवाईकांनी डिस्चार्ज घेताना काउंटरवरच बाजू, भाग आणि कारण हे तीन शब्द वाचून घ्यावेत. दुरुस्ती तिथे लगेच होते. घरी आल्यावर एका शब्दासाठी पुन्हा हिंगोली-नांदेडच्या चकरा माराव्या लागतात.

आणि कोर्स लावणाऱ्यांनी फी भरण्याआधी शरीररचनेचं पुस्तक उघडून दंडाचं हाड वहीत काढून बघा. दोन महिने ते कंटाळा न येता जमलं, तर हे काम तुमचं आहे. "शंभर टक्के नोकरी" असा बोर्ड बघून पैसे भरू नका.