अनोळखी इंग्रजी शब्द फोडून शिकावा

निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या सायखेडा परिसरात द्राक्षं पिकतात. निर्यातीला ‘फायटोसॅनिटरी’ प्रमाणपत्र लागतं. असा शब्द घोकण्यापेक्षा फोडावा: ग्रीक ‘फायटो’ म्हणजे वनस्पती, ‘सॅनिटरी’ म्हणजे आरोग्यविषयक. मग ‘फायटोप्लँक्टन’ही उलगडू लागतो. उच्चाराला मात्र स्पेलिंग पुरत नाही. ‘न्यूमोनिया’तला आरंभीचा ‘पी’ मूकच असतो. म्हणून उच्चार देवनागरीत टिपावा, शब्दकोशातला ध्वनी ऐकावा आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ मारावी, कारण आघात आपली लिपी दाखवत नाही. द्राक्षावरच्या ‘डाउनी’ रोगाची ‘डावणी’ झाली म्हणून बागेत काय अडलं, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. डावणी आता मराठी झाली. अर्थाला मात्र अशी मोकळीक नाही. बुरशीनाशकाच्या लेबलवरचं ‘सिस्टेमिक’ म्हणजे झाडात शोषलं जाणारं, ‘कॉन्टॅक्ट’ म्हणजे पृष्ठभागावरच राहणारं. फवारणी कधी आणि कशी करायची, ते यावरही ठरतं.