प्लास्टरच्या आत खाज सुटली तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव या गावांतले लोक एकमेकांवर दगड फेकतात. या गोटमारीत हात-पाय मोडलेल्यांचं प्लास्टर मग भादव्याच्या दमट उकाड्यातच वागवावं लागतं. आत घाम साचतो, मेलेली कातडी निघून जात नाही, आणि खाज सुटते. सौंसरच्या संत्राबागेत झाडावरून पडलेल्याचीही गत तीच.

खराट्याची काडी, विणायची सुई, पट्टी, कंगवा यांतलं काहीही आत घालू नका. ओरखडा दिसत नाही, पण बंद जागेत तो चिघळतो. शिवाय आतला कापूस गोळा होऊन टोचू लागतो. पावडर, तेल, हळदही नको. पावडरीचे घामात गोळे होतात.

त्यापेक्षा प्लास्टरवर बोटांनी टकटक करा. हेअर ड्रायरची थंड हवा कडेने आत सोडा. गरम हवेने कातडी भाजते. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून ती टॉवेलात गुंडाळा आणि वरून थोडा वेळ ठेवा, मात्र प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. फायबरचं असलं तरी आतला कापूस भिजतोच. तरीही झोप येत नसेल, तर खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दुर्गंधी, पू, ताप, बोटं निळी किंवा बधिर होणं, वाढत जाणारी कळ, यांपैकी काहीही दिसलं तर प्लास्टर घरी कापू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.